कण्याचे वैद्य आणि राजमान्यता

पत्राच्या मायन्यात ‘राजमान्य राजश्री’ लिहिण्याची रीत आपल्या जुन्या बडोदेकर घरांतून अलीकडेपर्यंत चालू होती. राजा गेला, दरबार गेला, तरी मायन्यातली राजमान्यता टिकली. आजच्या काळी मात्र राजमान्यता म्हणजे नुसता मान नव्हे. एखाद्या विद्येला सरकारने मान्यता दिली की तिच्या जाणकाराला परवाना मिळतो, पाटी लावता येते, विम्याचा पैसा मिळतो. आणि रुग्णाला वाटते की सरकारने मानले त्या अर्थी त्यात तथ्य असलेच पाहिजे. ह्या शेवटच्या समजुतीविषयीच मला आज लिहावयाचे आहे, आणि त्यासाठी अमेरिकेतील एका धंद्याचे उदाहरण घ्यावयाचे आहे.

तो धंदा म्हणजे कायरोप्रॅक्टिक. हाताने मणक्यांना नेमका झटका वा दाब देऊन पाठीचे, कमरेचे, मानेचे दुखणे दूर करण्याची ही पद्धत. तिचे व्यावसायिक त्या देशात सत्तर हजारांहून अधिक आहेत, असे त्यांची राष्ट्रीय संघटना, अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशन, सांगते. ह्या संघटनेने गेली काही वर्षे एक विधेयक लावून धरले आहे. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी जी ‘मेडिकेअर’ नावाची सरकारी विमायोजना आहे, तिच्यात कायरोप्रॅक्टरांच्या सर्व परवानाप्राप्त सेवांना पैसे मिळावेत, असे ते विधेयक. २०१९, २०२१, २०२३ आणि पुन्हा २०२५ च्या जानेवारीत ते काँग्रेसपुढे मांडले गेले. दोन्ही पक्षांचे सभासद त्याचे पुरस्कर्ते आहेत.

ह्या विधेयकाशी बडोद्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. दोन प्रकारचा आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले तिकडे स्थायिक झाली आहेत आणि काही आईवडीलही मागोमाग गेले आहेत. कायम वास्तव्याचा परवाना मिळून सलग पाच वर्षे तिथे राहिलेल्या वृद्धाला मेडिकेअरचे दार उघडते, म्हणून हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांच्या पाठीचाही आहे. दुसरे असे की ही विद्या आता समुद्र ओलांडून इकडे आली आहे. मान वळवून हाडांचा ‘कट्’ असा आवाज काढणारी चित्रे घरोघर मोबाइलवर पाहिली जातात आणि ‘एकदा करून पाहावे’ असे म्हणणारे नातलग माझ्याप्रमाणे वाचकांनाही भेटले असतील.

मूळ कथा थोडक्यात अशी. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असे. १८९५ च्या सप्टेंबरात हार्वे लिलार्ड नावाच्या, ऐकू कमी येणाऱ्या एका कृष्णवर्णीय सफाई-कामगाराच्या पाठीतला मणका त्याने दाबून बसवला, आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. कानातून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू पाठीच्या मणक्यांतून जात नाही, हे शरीरशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षीच शिकतो. पामरने मात्र ह्या एका अनुभवावर सिद्धांत उभारला: मणके किंचित सरकतात, त्याने मज्जातंतूंचे कार्य बिघडते आणि बहुतेक सर्व रोग त्यातूनच होतात. ह्या सरकण्याला त्या मंडळींत ‘सबलक्सेशन’ म्हणतात. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो कायद्यात शिरला आहे.

म्हणजे ह्या धंद्याचे आरंभापासून दोन पाय आहेत. एक पाय हातच्या कसबाचा: दुखरी कंबर जाणत्या हाताने मोकळी करणे. दुसरा पाय मताचा: सर्व रोगांचे मूळ कण्यात आहे असे मानणे. पहिल्या पायावर हा धंदा जगला. दुसऱ्यामुळे त्याला शत्रू मिळाले, आणि अनुयायीही.

प्रारंभीची वर्षे तुरुंगवाऱ्यांची होती. १९०६ साली खुद्द पामरला विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगात बसावे लागले. १९०७ मध्ये विस्कॉन्सिनमधील ला क्रॉस गावी शेगातारो मोरिकुबो ह्या जपानी कायरोप्रॅक्टरवर खटला झाला. त्याच्या वकिलाचा बचाव मोठा मार्मिक होता: आमची विद्या वैद्यकीही नव्हे आणि ऑस्टिओपथीही नव्हे, ती स्वतंत्रच आहे, मग वैद्यकीचा परवाना आम्ही का काढावा? मोरिकुबो सुटला. तेव्हापासून ‘आम्ही निराळे आहोत’ हे ह्या धंद्याचे ब्रीद झाले. १९१३ मध्ये कॅन्ससने पहिला परवाना-कायदा केला. कॅलिफोर्नियात मंडळी दंड भरण्याऐवजी तुरुंगात जात, आणि १९२२ साली तिथल्या मतदारांनी थेट मतदानाने कायदा करून घेतला. शेवटचे राज्य लुइझिआना. तिथला कायदा १९७४ चा. एकसष्ट वर्षे एकेक राज्य जिंकीत जाणाऱ्या लोकांच्या चिकाटीला नावे ठेवता येणार नाहीत.

वाचकांना इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवेल. ज्या १९०७ साली ला क्रॉसचा खटला झाला, त्याच साली शंकर दाजीशास्त्री पदे ह्यांनी नाशकात आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. पुढे १९१२ चा मुंबई वैद्यक कायदा आला तो पाश्चात्त्य विद्या शिकलेल्या डॉक्टरांच्या नोंदणीसाठी. वैद्य-हकिमांच्या नोंदणीला १९३८ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. दोन्ही कथा सारख्या नाहीत. आयुर्वेदाला शेकडो वर्षांचे ग्रंथ आणि गावोगावचे वैद्य होते. पामरपाशी एक रुग्ण आणि एक शाळा होती. परंतु दोन्हीकडे कळीचा प्रश्न एकच होता: विद्येची पारख कोणी करावयाची? प्रतिस्पर्ध्याने, कायदेमंडळाने, की रुग्णाने?

अमेरिकेत प्रतिस्पर्ध्याने ती पारख आपल्याकडे घेतली, आणि चुकीच्या मार्गाने. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ह्या डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने १९६३ मध्ये ‘भोंदूगिरीविरोधी समिती’ नेमली. कायरोप्रॅक्टराशी व्यावसायिक संबंध ठेवणे हे डॉक्टराला अनीतीचे ठरवले गेले. त्याच्याकडे रुग्ण पाठवावयाचा नाही, त्याच्याकडून घ्यावयाचाही नाही. १९७६ साली चेस्टर विल्क आणि त्यांचे चार सहकारी न्यायालयात गेले. पहिला निकाल त्यांच्या विरुद्ध लागला, तो अपिलात फिरला, आणि १९८७ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर ह्यांनी ठरवले की हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. १९९० मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केले.

ह्या निकालाचा अर्थ कायरोप्रॅक्टर मंडळी अनेकदा आपल्या विद्येचा विजय असा लावतात. तो तसा नाही. न्यायालयाने ठरवले ते इतकेच की दुसऱ्याचा धंदा बुडवण्यासाठी कट करता येत नाही. मणका बसवल्याने रोग बरा होतो की नाही, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही. सोडवणे त्याचे कामही नव्हते. बाजारात दुकान मांडण्याचा हक्क मिळाला, म्हणून मालाची कसोटी लागली असे होत नाही.

आता मेडिकेअरकडे वळू. ज्या १९६३ साली ती समिती नेमली गेली, त्याच साली आजची राष्ट्रीय संघटना जुन्या संघटनांतून आकाराला आली. १९७२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कायरोप्रॅक्टरांना मेडिकेअरमध्ये जागा मिळाली. ती प्रत्यक्षात १९७३ च्या जुलैपासून. परंतु ही जागा चिंचोळी होती. पैसे फक्त एका गोष्टीचे मिळत: हाताने मणका बसवण्याचे, तेही ‘सबलक्सेशन’ दूर करण्यासाठी, आणि ते सबलक्सेशन क्ष-किरणांच्या चित्रात दिसले पाहिजे. गंमत अशी की ते चित्र कायरोप्रॅक्टराने काढले तर त्याचे पैसे मेडिकेअर देत नसे. रुग्णाला तपासण्याचेही पैसे नाहीत. म्हणजे तपासा फुकट, चित्र काढा फुकट, आणि झटका द्या तर पैसे घ्या!

ह्याचा परिणाम काय झाला तो पाहावा. क्ष-किरणांची अट २००० च्या १ जानेवारीपासून रद्द झाली. तोपर्यंत साडेसव्वीस वर्षे वृद्धांच्या पाठीची चित्रे वैद्यकीय गरज म्हणून नव्हे, तर कागदाची गरज म्हणून काढण्याची वाट कायद्यानेच आखून दिली होती. आणि सबलक्सेशनची अट अजून उरली आहे. आज कित्येक तरुण कायरोप्रॅक्टर पामरचा सिद्धांत बाजूला ठेवून निव्वळ पाठदुखीचे उपचारक म्हणून काम करू इच्छितात. त्यांनाही बिलावर तो जुना शब्द लिहावाच लागतो, नाहीतर पैसे नाहीत. एका चुंबकीय उपचारकाचे मत सरकारी कागदावर असे गोठून बसले आहे. राजमान्यता विद्येला बळ देते तशी कधी तिच्या पायात बेडीही घालते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

ह्या दृष्टीने पाहिले तर संघटनेच्या विधेयकात न्याय आहे. मेडिकेअर ज्या सेवांचे पैसे दुसऱ्या उपचारकाला देते आणि ज्या करण्याची मुभा राज्याच्या परवान्याने कायरोप्रॅक्टराला आधीच दिली आहे, त्यांचे पैसे त्यालाही मिळावेत, एवढीच मागणी आहे. सोबत, नोंदी नीट ठेवण्याचे शिक्षण घेण्याची अटही त्यात घातली आहे. इतर सरकारी दारे ह्यापूर्वीच उघडली आहेत: सैन्यातल्या चालू नोकरीतील लोकांसाठी २००० च्या संरक्षण कायद्याने ही सेवा कायम झाली, पाठोपाठ माजी सैनिकांच्या इस्पितळांत ती आली, आणि २०१८ च्या कायद्याने तिचा विस्तार झाला. तपासणी न करता उपचाराचेच पैसे देणारी योजना उपचारकाला वाईट सवय लावते. वृद्ध माणसाच्या कमरेला हात लावण्यापूर्वी त्याची हाडे ठिसूळ तर नाहीत ना, दुखणे कर्करोगाचे वा मोडलेल्या मणक्याचे तर नाही ना, हे पाहणेच महत्त्वाचे. त्या पाहण्याला पैसे मिळाले तर ते अधिक काळजीने होईल.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २००५ साली एक अहवाल दिला. २००१ मधील कायरोप्रॅक्टिक सेवांचा नमुना तपासता त्यांतील ६७ टक्के सेवा मेडिकेअरच्या नियमांत बसत नव्हत्या. कुठे कागदपत्रे अपुरी, तर पुष्कळ ठिकाणी नुसते ‘देखभालीचे’ उपचार, म्हणजे सुधारणा होण्याची अपेक्षा नसताना दर आठवड्याला चालू ठेवलेल्या फेऱ्या. देखभालीचे पैसे देणे योजनेला मान्य नाही. ज्या धंद्याच्या हिशेबात इतकी ढिलाई सापडली, त्याला तिजोरीचे दार आणखी उघडून द्यावे काय, असे करदात्याने विचारले तर तो शत्रुत्वाने बोलतो असे म्हणता येणार नाही.

आणि गुणाचे काय? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या वैद्यांच्या संस्थेने २०१७ मध्ये कंबरदुखीवर सल्ला दिला: आधी औषधांवाचूनचे उपाय करावेत, शेक, मालीश, व्यायाम, आणि त्यांच्या जोडीला हाताने मणके मोकळे करणेही. अफूजन्य वेदनाशामकांनी त्या देशात जो अनर्थ केला, त्या पार्श्वभूमीवर हा सल्ला कायरोप्रॅक्टरांना मोठा आधार वाटला आणि संघटनेने तो ठिकठिकाणी पुढे केला. परंतु त्याच सल्ल्यात असेही म्हटले आहे की मणके मोकळे करण्यामागचा पुरावा कमी प्रतीचा आहे, आणि नवी कंबरदुखी बहुतेकांची काहीही केले तरी कालांतराने कमी होते. म्हणजे गुण आहे, पण बेताचा. आणि तो कंबरेपुरता. मानेची गोष्ट निराळी. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतील धमनीला चीर पडून झटका येण्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितले की मानेवरील उपचार आणि ही इजा ह्यांचा संबंध आढळतो, कार्यकारण सिद्ध झालेले नाही, तथापि रुग्णाला ह्याची कल्पना आधी दिली पाहिजे.

ह्या उलटसुलट हिशेबात मला सर्वांत मोलाची वाटते ती संघटनेची एक जरा कमी गाजलेली कृती. अनावश्यक तपासण्या आणि उपचार टाळावेत म्हणून २०१२ पासून अमेरिकेत वैद्यांच्या संस्थांची एक चळवळ चालली होती. प्रत्येक संस्थेने आपल्याच धंद्यातल्या पाच नकोशा गोष्टी जाहीर कराव्यात, असा तिचा प्रघात. २०१७ मध्ये कायरोप्रॅक्टरांच्या ह्या संघटनेनेही आपली यादी दिली. धोक्याची लक्षणे नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत मणक्यांची चित्रे काढू नका. सुधारणा पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा चित्रे काढू नका. रुग्ण नुसता पडून राहील असे शेक वगैरे उपचार लांबवू नका. त्याला हालते करा. दुखणे लांबण्यामागे मनाची आणि परिस्थितीची कारणे आहेत का तेही विचारा. कमरेला कायमचा पट्टा बांधून देऊ नका.

ज्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या क्ष-किरण हे भांडवल होते, त्याच्या संघटनेने आपल्याच सभासदांना ‘चित्रे काढू नका’ असे सांगावे, ही लहान गोष्ट नव्हे. जुन्या वळणाच्या मंडळींना ते रुचले नाही. परंतु मला वाटते, काँग्रेसपुढच्या कुठल्याही अर्जापेक्षा ह्या पाच ओळींनी संघटनेची पत अधिक वाढवली. मागणाऱ्याने आधी स्वतःला काय नको ते सांगितले.

ह्याच्या उलट मासला इंग्लंडात झाला. २००८ साली लेखक सायमन सिंग ह्यांनी ‘गार्डियन’ पत्रात लिहिले की मुलांचा दमा, कानाचे रोग, पोटशूळ इत्यादींवर कायरोप्रॅक्टिकचा गुण सांगण्याला पुरावा नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने पुरावा मांडून वाद मिटवण्याऐवजी लेखकावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. २०१० च्या एप्रिलमध्ये अपील-न्यायालयाने सिंग ह्यांच्या बाजूने कौल दिला आणि असोसिएशनने दावा मागे घेतला. त्या प्रकरणाने उठलेल्या लोकमताचा परिणाम २०१३ च्या नव्या अब्रूनुकसानी-कायद्यावर झाला. इंग्लंडात कायरोप्रॅक्टरांना १९९४ पासून कायद्याची मान्यता होतीच. ती असूनही संघटनेची शोभा झाली. मान्यता अब्रू देत नाही. अब्रू वागणुकीने मिळते.

आता घरचा विचार करू. हाड बसवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. तालमीतला वस्ताद उतरलेला खांदा बसवीत असे, आणि बडोद्यात तर जुम्मादादा व्यायाममंदिराच्या राजरत्न प्रो. माणिकरावांच्या नावाशी कुस्ती-कवायतीइतकीच अस्थिसंधानाची विद्याही जोडलेली आहे. त्या परंपरेत कागदी परवाना नव्हता, पण लोकांची नजर होती. वस्ताद गल्लीतला, त्याचा हात चुकला तर दुसऱ्या दिवशी साऱ्या पेठेला ठाऊक होई. नव्या शहरात ती नजर उरली नाही, आणि कायद्याची नजर अजून आलेली नाही: कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्या देशात अमेरिकेसारखा स्वतंत्र परवाना-कायदा नाही. पाटी लावणारा परदेशी विद्यापीठाचा पदवीधर आहे, चार महिन्यांचा वर्ग केलेला आहे, की मोबाइलवरील चित्रे पाहून शिकलेला आहे, हे रुग्णाला पाटीवरून कळत नाही.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. घरातील वडीलधाऱ्यांना अशा ठिकाणी नेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही ही विद्या कुठे आणि किती वर्षे शिकलात? आधी तपासणार की आधीच झटका देणार? आणि किती फेऱ्यांत गुण आला नाही तर तुम्ही स्वतः थांबून आम्हाला डॉक्टरांकडे पाठवाल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देणारा उपचारक भेटला तर त्याचे ऐकावे. मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात, मुलांचा दमा असे सर्व काही कण्यातून बरे करतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून घरी यावे. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाची मान कोणाच्याही हाती द्यावयाची नाही, हे तर विचारण्यापलीकडचे आहे.

अमेरिकेतील ते विधेयक मंजूर व्हावे असे मला वाटते. अर्धवट राजमान्यतेने आजवर वृद्धांचेच नुकसान केले आहे. परंतु मंजुरीसोबत त्या पाच नियमांचे पालन बिलाच्या अटीत यावे, केवळ संघटनेच्या पत्रकात राहू नये. आणि उद्या आपल्याकडेही ह्या उपचारकांची संघटना सरकारदरबारी मान्यता मागावयास गेली, तर तिला पहिला प्रश्न ‘तुम्ही काय काय बरे करता’ हा विचारू नये. ‘तुम्ही काय करणार नाही, ते लिहून द्या’ असे सांगावे. तो कागद हाती आल्यावर बाकीची बोलणी करावीत.